सगळ्यांना सारखंच टेबल

बसचं दार लागलं आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "अहो, थांबा... माझी काठी!"

मी स्टिअरिंगवरून मान वळवली. एक उंच माणूस पायरीवर अवघडून उभा होता आणि त्याच्या खांद्यावरची लांबट काळी पिशवी दारात अडकली होती – अर्धी आत, अर्धी बाहेर. मी बटण दाबलं. दार उघडलं, पिशवी सुटली, आणि तो माझ्या सीटमागच्या दांड्याला धरून धापा टाकत उभा राहिला.

"सांभाळा," मी म्हटलं. "आणि तिला काठी म्हणू नका. क्यू रुसतो."

तो बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काठी कुणी अस्तराच्या पिशवीत घालून फिरवत नाही. एवढे लाड फक्त टेबलावर पूल खेळणारेच करतात."

तो हसला. हसताना त्यानं दांड्यावरचा हात बदलला, तेव्हा मला त्याच्या मनगटावरचे ओरखडे दिसले. ताजे, लाल.

"हे काय झालं?"

"मांजर. मी जनावरांचा डॉक्टर आहे." मग थोडं थांबून, "तिचा काही दोष नाही. थर्मामीटर कुठे लावतात, ते तिला पटलं नव्हतं."

मला इतकं हसू आलं, की सिग्नल सुटल्याचं मागच्या गाडीला भोंगा वाजवून सांगावं लागलं.

उतरताना त्यानं विचारलं, "तुम्ही... खेळता?"

"खेळते की."

"कुठे?"

"कळेल," मी म्हटलं, आणि दार लावलं. या वेळी जपून.

मी खेळायला शिकले ती आमच्या बसडेपोच्या विश्रांतीच्या खोलीत. मामा तिथे मेकॅनिक होता. खोलीत एक जुनं टेबल होतं, कापडाला दोन ठिकाणी ठिगळं, आणि एक कोपऱ्याचं पॉकेट असं कवडीचुंबक की बॉल अगदी दारात जाऊन परत यायचा. त्या टेबलावर मामानं मला स्ट्रेट पूल शिकवला. खेळ साधा आहे. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटात. फक्त मारायच्या आधी सांगायचं – हा बॉल, तिकडे. पडला की एक गुण आणि पुढचा बॉल. चुकलात की पाळी गेली. चौदा बॉल पडले की ते पुन्हा मांडायचे आणि खेळत राहायचं. "यात नशिबाला जागा नाही गं," मामा म्हणायचा. "म्हणून तर माझ्यासारख्या कमनशिबी माणसाला आवडतो."

शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये वर्षातून एकदा स्पर्धा असायची. आठ खेळाडूंची. इतकी वर्षं मी लांबूनच बघत होते. या वर्षी ठरवलं, नाव द्यायचं.

हॉलमध्ये गेले तर टेबलामागे कोण बसलेलं? ओरखडेवाले डॉक्टर! स्पर्धेचे चिटणीस तेच.

"ड्रायव्हरबाई!" ते उठूनच उभे राहिले.

"बसा बसा. नियम सांगा."

त्यांनी सांगितले. महिनाभर पात्रता फेरी. न चुकता लागोपाठ जितके बॉल पाडाल, ती तुमची खेळी. कितीही वेळा प्रयत्न करा, त्यातली सगळ्यात मोठी खेळी धरायची. पहिले आठ जण स्पर्धेत. प्रयत्न मात्र याच हॉलच्या टेबलांवर करायचा.

"आणि टेबल कधी मिळेल?"

इथे ते जरा घुटमळले. "आधी सभासदांना. मग उरलेल्या वेळात बाहेरच्यांना."

"उरलेला वेळ कुठला?"

"मंगळवारी... दुपारी... एक तास."

मंगळवारी दुपारी मी आठवड्याआड ड्युटीवर. उरलेल्या मंगळवारांत माझ्यासारखे बाहेरचे सगळे त्याच तासासाठी रांगेत. म्हणजे माझ्या वाट्याला एक प्रयत्न, फार तर दोन. सभासद मात्र रोज संध्याकाळी, मनात येईल तितक्या वेळा.

"मग मी सभासद होते."

"सभासदत्व सध्या बंद आहे."

"हो, दारावर लिहिलंय. खाली तुमचीच सही आहे."

त्यांचे कान लाल झाले. तरी बाजू सोडली नाही. "नियम सगळ्यांना सारखाच आहे. ज्याची खेळी मोठी, तो आत."

"नियम सारखा आहे डॉक्टर, वेळ सारखी नाही. तुम्ही एकच परीक्षा तीस वेळा द्यायची आणि सगळ्यात चांगले मार्क दाखवायचे. मी एकदाच द्यायची, आणि त्या दिवशी माझं डोकं दुखत असेल तर माझं नशीब. यात कोण चांगला खेळतो ते कळणार की कोणाला जास्त खेळायला मिळतं ते?"

क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा निळा तुकडा खिशातून काढून ते बोटात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझी खेळी झालीय. चौथ्या नंबरवर आहे. माझ्या टेबलाच्या वेळा मला नकोत... तुम्ही घ्या ना."

खरं सांगते, मन डळमळलं. संध्याकाळच्या वेळा, नवं कापड, उजेड असा की बॉलची सावलीसुद्धा पडू नये! पण माझ्यामागे रांगेत जो उभा होता, त्याला कोण वेळ देणार?

"उपकार नकोत मला," मी म्हटलं. "आणि तुमच्या वेळा घेतल्या तर तुमच्याशी भांडू कशी?"

"मग नका घेऊ," ते पटकन म्हणाले. "भांडण... चालू राहू दे."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या बसमध्ये होते. तिसऱ्या दिवशीही. दांडा धरून उभे, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत. बस चालू असताना मी बोलत नसे, डेपोची शिस्तच तशी. पण सिग्नल लागला की भांडण सुरू.

"समजा सगळ्यांना सारखेच प्रयत्न दिले," ते म्हणत, "तर दिवसभराच्या कामानं दमून येणाऱ्याचं काय?"

"त्याला दिवस निवडू द्या."

"आणि टेबल? प्रत्येक टेबल वेगळं असतं."

"मग एकाच टेबलावर घ्या. जनावरांचं वजन तुम्ही वेगवेगळ्या काट्यांवर करता का?"

ते खुशीत हसायचे, जणू हरण्यातच त्यांना मजा येत होती. एकदा मी विचारलंच, "शेवटच्या थांब्याला रोज कोण आजारी असतं हो?"

"एक... कासव आहे."

"परवाही कासवच होतं."

"कासवाचे आजार हळूहळूच बरे होतात, ड्रायव्हरबाई."

"डॉक्टर," मी आरशात बघत म्हटलं, "आपल्या खेळात मारायच्या आधी सांगावं लागतं. कुठला बॉल, कुठे मारायचाय ते. तुम्ही नुसतेच टेबलाभोवती फिरताय."

आरशात त्यांचा चेहरा शेंदरासारखा झाला. पुढच्याच थांब्यावर ते उतरले. तिथे ना दवाखाना, ना कासव. नुसती एक भिंत होती.

त्यानंतर चार-पाच दिवस ते दिसले नाहीत. दांड्याची ती जागा रिकामी... आणि मला प्रत्येक सिग्नल उगाचच लांब वाटायला लागला.

मंगळवारी मी माझा एकुलता एक प्रयत्न द्यायला हॉलवर गेले, तर मालककाका दारातच खुर्ची टाकून बसलेले. त्यांची पाठ धरली होती. "प्रयत्न रद्द," ते म्हणाले. "सगळ्यांचेच. तुझ्या त्या डॉक्टरानं सभेत रान उठवलं. आता प्रत्येकाला तीनच प्रयत्न, एकाच टेबलावर, आणि आधी सरावाला सारखाच वेळ. सभासद असो नाहीतर बाहेरचा."

"आणि आधीच्या खेळ्या?"

"पाण्यात. त्याची चौथ्या नंबरची खेळीसुद्धा. सभासद असे भडकले म्हणतेस! 'आमचा हॉल, आमचं टेबल.' दोघांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलंय."

डॉक्टर आत टेबल झाडत होते. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर ते तुमच्यासाठी केल्यासारखं झालं असतं."

"आणि तसं नाही?"

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "नाही. तुमचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून केलं."

यापेक्षा चांगलं उत्तर असूच शकत नव्हतं. तरी घरी येताना माझं तोंड उतरलेलं. आईनं ताट वाढता वाढता दोनदा बघितलं आणि मामाला खूण केली. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे तुझ्यासाठी केलं असतं तर तू भांडली असतीस. तुझ्यासाठी नाही केलं, तर तू रुसतेस. अगं, त्या बिचाऱ्यानं करायचं तरी काय?"

"मला काय माहीत!" मी म्हटलं, आणि भाजी आणखी वाढून घेतली.

पात्रतेच्या दिवशी मी ड्युटीवरून थेट आले, गणवेशाचा शर्ट घालूनच. काकांना पाठीमुळे वाकता येत नव्हतं, त्यामुळे बॉल मांडायला आणि पंच म्हणून डॉक्टरच. त्यांचे स्वतःचे तीन प्रयत्न सकाळीच झाले होते. चौतीस. आठव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर.

ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमचा खेळ चांगला झाला तर माझी जागा जाते. मी पंच असायला तुमची हरकत असेल तर... दुसरं कुणी बघू."

"हरकत नाही. चुकलात तर मी आहेच भांडायला."

पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसरा बरा. तिसऱ्याला हात बसला. प्रत्येक बॉल आधी सांगायचा, मारायचा, पांढऱ्या बॉलनं पुढच्यासमोर जाऊन शहाण्यासारखं थांबायचं... चौदा पडले. डॉक्टरांनी मांडले. आणखी चौदा. पुन्हा मांडले. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. बत्तीस. तेहेतीस. चौतीस.

आता एक बॉल, की जागा माझी.

बॉल सोपा होता, फक्त दुसऱ्या एका बॉलवरून, त्याला न शिवता, वाकून मारायचा होता. मी वाकले, नेम धरला... आणि शर्टाची बाही त्या मधल्या बॉलला लागली. इतकीशी. बॉल हललासुद्धा असेल-नसेल. समोरच्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"फाऊल."

"फाऊल."

दोन आवाज एकदम आले. एक माझा, एक त्यांचा.

काका असे खदखदून हसले की पाठ धरून कळवळले. मी सरळ उभी राहिले. डॉक्टर पांढरेफटक पडले होते. त्या एका शब्दानं त्यांची जागा वाचत होती, आणि बाकी सगळं बुडेल असं त्यांना वाटत असावं. पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला इतकं शांत, इतकं हलकं वाटलं... माझ्याविरुद्ध खरं बोलताना हा माणूस घाबरला होता, आणि तरी बोलला होता.

दोघांचे चौतीस. जागा एकच. काकांनी निकाल दिला – उद्या संध्याकाळी दोघांचा सामना, आधी पन्नास करेल तो आत.

सामना बघायला मामा आला, आईलाही घेऊन. आईला खेळातलं काही कळत नव्हतं. ती फक्त डॉक्टरांना न्याहाळत होती. आम्ही बरोबरीनं पुढे चाललो होतो. मी त्रेचाळीस, ते शेहेचाळीस. त्यांच्यासमोर बॉल अगदी पॉकेटाच्या तोंडाशी. लहान मुलानं फुंकर मारली तरी पडावा.

त्यांनी मारला. चुकला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी क्यू टेबलाला टेकवून त्यांच्यापाशी गेले. "मुद्दाम चुकवलात?" मी दात ओठ खात, पण हळूच विचारलं. "मला दान देताय?"

"नाही हो!"

"तो बॉल कुणाला चुकतो?"

"मला," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "मी... बॉलकडे बघतच नव्हतो. तुम्ही खडू लावत होतात. मी तुमच्याकडे बघत होतो."

हॉलभर लोक, आई समोर, आणि हा माणूस...

"आणि कासव?" मी कशीबशी म्हणाले.

"कासव नाहीच आहे. माझा दवाखाना उलट्या दिशेला आहे." त्यांनी एक श्वास घेतला. "नियम मी नियमासाठी बदलला. पण बसमध्ये तुमच्यासाठीच चढत होतो. मधे आलो नाही, कारण सभा व्हायची होती. तेव्हा तुमच्याबरोबर फिरणं... बरोबर दिसलं नसतं."

"पाळी कुणाची?" काका ओरडले. "की इथेच संसार थाटताय?"

पाळी माझी होती. मी वाकले. तोच सोपा बॉल, पॉकेटाच्या तोंडाशी. पण क्यूचं टोक पांढऱ्या बॉलच्या भोवती नुसतं घिरट्या घालत राहिलं. मारला. तो कडेला आपटून मागे आला.

आता हॉलमध्ये हशा पिकला. मामासुद्धा हसत होता, बेइमान!

डॉक्टर टेबलापाशी आले. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अगदी पाठ करून उभे राहिले. एक एक बॉल सांगितला, एक एक पाडला. चारही. घाई नाही, दया नाही. पन्नास.

मी हरले. टाळ्या वाजल्या, बोलणं टाकलेल्या त्या दोन सभासदांपैकी एकानं येऊन त्यांची पाठ थोपटली. आई मामाला विचारत होती, "म्हणजे यानं आपल्या पोरीला हरवलं? आणि तू टाळ्या काय वाजवतोयस?"

मी कोपऱ्यात माझा क्यू पुसत बसले. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी जागा हातात आली होती आणि निसटली. पण मला हवी होती तशीच निसटली होती ती... सारख्या टेबलावर, सारख्या वेळेत, समोरच्यानं पूर्ण जोर लावल्यावर. हरण्यातही एक पोट भरल्यासारखं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले,

"चिडलीस?"

चिडलात नाही. चिडलीस. एवढंसं अक्षर बदललं होतं. मी मान वर केली. त्यांचे कान पेटले होते; बोलून गेल्यावर आपण काय बोललो, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"चिडलेय," मी म्हटलं. "चांगलीच. पुढच्या वर्षी तुला धूळ चारेन."

तो हसला. मग खाली वाकला आणि माझा क्यू पिशवीत ठेवायला मदत करू लागला. आमची बोटं अस्तरावर एकमेकांना लागली, आणि दोघांपैकी कुणीही 'फाऊल' म्हटलं नाही.

"ये," मी म्हटलं. "आई मघापासून बघतेय. तुझी ओळख करून देते."