कच्चं चिकटवलेलं जहाज

मॉडेलच्या दुकानात ड्रिलचं सुईएवढं एकच बिट उरलं होतं. त्यावर माझा हात पडायला आणि शेजारी उभ्या माणसाचा पडायला एकच गाठ!

"मला मॉडेलच्या अंतराळजहाजाला खिडक्या पाडायच्यात," तो ओशाळून म्हणाला.

"आणि आत उजेड कोण करणार?"

"तिथंच तर घोडं अडलंय!"

मी मोबाईल दुरुस्त करते. केसाएवढ्या तारा जोडणं माझ्या डाव्या हातचा मळ. तो दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवतो. बिट त्याने घेतलं, दिवे मी. मग दर रविवारी माझ्या दुकानातल्या टेबलावर तो पांढऱ्या प्लास्टिकला खिडक्या पाडायचा, फुंकर घालून भुसा उडवायचा… आणि मी हातातलं काम विसरायची.

"बघू नका हो, हात हलतो."

"कवळी करताना नाही हलत?"

"कवळी अशी बघत नाही ना…"

एका रविवारी तो म्हणाला, "दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. पुढच्या सोमवारी निघतोय." मी "अरे वा!" म्हटलं खरं, पण हातातल्या मोबाईलचं झाकण उलटंच लावलं. जहाज एकदा चिकटवून बंद झालं की हा कशाला इकडे फिरकतोय?

शेवटच्या रविवारी त्याने घरून जहाज चिकटवूनच आणलं. मी बटण दाबलं. सगळ्या खिडक्या उजळल्या, एक सोडून.

"माझाच जोड सुटला! आता फोडावं लागणार…" डोळे भरून आले. दिव्यासाठी कोण रडतं? पण ते त्याला कसं सांगू?

त्याने सांध्यात नख घातलं. जहाज अलगद उघडलं.

"हे… चिकटवलं नव्हतं?"

"कच्चं चिकटवलंय. आमच्यात नवी कॅप आधी कच्चीच बसवतात. टोचली की माणूस परत येतो." त्याचे कान लाल झाले होते. "पक्कं केलं असतं तर… दिवा गेला म्हणून तुमच्याकडे यायला निमित्तच उरलं नसतं."

काय बाई हा मुखदुर्बळ माणूस! मी तार जोडली. खिडकी उजळली.

"आता पक्कं करू?" त्याने खाली बघतच विचारलं.

"जहाज राहू द्या कच्चंच," मी म्हणाले. "आपलं तेवढं पक्कं करा… आणि उद्या पोचल्या पोचल्या फोन करा."