आतल्या बाजूचे टाके

ज्या साली आनंदराजच्या थोरल्या बहिणीचं लग्न घरापुढच्या अंगणात, मोजून पन्नास माणसांत लागलं आणि फुलं टाकणाऱ्यांनीही तोंडाला मास्क बांधले होते, त्या सालची ही गोष्ट. दिवाळी सरली होती. अर्धापुरात, नांदेडच्या रस्त्याला केळीच्या गाड्या थांबतात तिथं, आनंदराजचं सायकल दुकान पुन्हा सुरू झालं होतं.

एका सकाळी एक पोरगी सायकल ढकलत आली. खांद्याला खाकी पिशवी, गळ्यात पोस्टाचं ओळखपत्र. मागच्या टायरला बगलेत, कडेच्या बाजूला, चीर पडली होती आणि ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर आली होती.

"ओ भाऊ, बघा की जरा."

"भाऊ नका म्हनू," आनंदराजच्या तोंडून निसटलं. मग सावरून म्हणाला, "म्हंजे... मिस्तरी म्हनतेत मला."

"बरं, मिस्तरी." ती हसली. "मी रूपाली. डाकसेवक. मार्चात लागले. आजवर घरीच भागायचं, पण ही चीर लई मोठी हाय. दुरुस्त होईल, का नवंच घालावं लागंल?"

"बघतो ना."

त्यानं टायर उचकलं, आतून हात फिरवला आणि... थबकला. आत एक जुनी चीर कुणीतरी शिवली होती. एकसारखे, बारीक, तिरपे टाके. मेणात घोळलेला दोरा. ट्यूबवरची ठिगळंही निराळीच — गोल, कडा घासून पातळ केलेली.

मिस्तरी लोकांना एकमेकांचं ठिगळ ओळखू येतं. आनंदराजचं चौकोनी, कोपरे मारून गोलसर केलेलं. बसस्टँडवरचा विनोद लांबट कापतो. हा हात मात्र ओळखीचा नव्हता. आणि ज्याचा कुणाचा होता, त्यानं घाई केली नव्हती. एका टायरपाशी एवढा वेळ कोण बसतं? टायरसाठी तर कुणी बसत नाही!

"कुणी केलंय हे?"

"कामून? चांगलं न्हाई का?"

"चांगलं हाय. म्हनूनच इचारून राहिलो."

रूपालीनं त्याच्याकडं पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तिला गंमत वाटली. "हाय एक माणूस. लई जीव लावतंय."

"सायकलीला?"

"सायकलीला बी."

आनंदराजनं टायर खाली टाकलं. "हे गेलं. नवं घाला."

"आता तर बघतो म्हनलात!"

"बघितलं की. बगल फाटल्यावर भरवसा न्हाई. उतारावर फुटलं म्हंजे?"

खरं तर आतून तुकडा लावला असता तर दोन महिने सहज निघाले असते. तेवढ्यात ती चारदा तरी दुकानावर आली असती. नवं घातलं की वर्षभर तोंड दिसायचं नाही. हे सगळं त्याला कळत होतं. पण त्या परक्या टाक्यांवर ही पोरगी चार गावं हिंडणार, हे काही केल्या सोसवेना.

"दुरुस्तच करा," रूपाली म्हणाली. "शिवलेलं फेकून दिलं तर त्या माणसाला वाईट वाटंल."

"एवढी काळजी हाय तर त्यालाच बोलवा."

"तुम्हीच या की ऐतवारी. घरीच असतंय ते."

घरीच! आनंदराजनं दात खाऊन काम केलं. त्या गोल ठिगळाला खेटून आपलं चौकोनी ठिगळ चिटकवलं, गरजेपेक्षा जरा मोठंच. पुढचे तीन दिवस तो रिकाम्या वेळी गोल ठिगळं कापत बसला. एकही जमलं नाही. सगळी उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी.

रविवारी तो तिच्या गावी गेला. खांद्यावर कोरं टायर अडकवलेलं. त्या माणसादेखत तो जुनं काढणार होता, हे घालणार होता, मग जे व्हायचं ते होवो. ओट्यावर रूपालीची आई भामाबाई वाकळ शिवत बसली होती.

"मावशी, घरात आनखी कोन हाय?"

"मी अन् रूपा. दुसरं कोन असनार?"

त्यानं वाकळीकडं पाहिलं. बारीक, तिरपे, एकसारखे टाके...

"दुकानं बंद होती, पन टपाल चालू होतं, बाबा," भामाबाई म्हणाली. "पोरगी सायकल ढकलत गावोगाव पायी हिंडायची. मग काय, घेतलं दाभन अन् शिवलं."

आनंदराजला आपलंच कपाळ बडवावंसं वाटलं. त्या महिन्यांत त्याचं स्वतःचं दुकान बंद होतं, साऱ्या मिस्तऱ्यांचं बंद होतं. मग हा दुसरा मिस्तरी आभाळातून पडला होता का?

"अन् माझ्या ठिगळाला खेटून आपलं चिटकवनारा तूच का?" भामाबाईचा आवाज चढला. "कोपरे टोचतेत त्याचे."

"कोपरे मारलेत की, मावशी."

"मारलेत म्हनं! अन् आज कोरं टायर घेऊन आलास. म्हंजे माझा हात नको आता हिच्या सायकलीला?"

ही कळ आनंदराजच्या चांगल्या ओळखीची होती. तीन दिवस ती त्याच्याच पोटात होती. त्यानं खांद्यावरचं टायर उतरवून मागं ठेवलं.

"जुनं चालंल तवर तुम्हीच शिवा. हे माघारी नेतो. पन... हवा भरायला येत जाईन."

"पंप हाय घरात."

"पंपाला वायसर लागंल की, मावशी."

"लागतंय आई, वायसर लई लवकर जातंय!" दारातून रूपाली म्हणाली आणि ओढणी तोंडात धरून हसली.

आनंदराज तिच्याजवळ गेला. "तीन दिवस जळून राहिलो मी. जीव जडला हाय माझा... अन् तुम्ही एका शब्दानं सांगितलं न्हाई."

"कशाला सांगू?" तिनं मान खाली घातली, पण डोळे वरच होते. "मला बी कळायचं होतं ना, किती जळताव ते."

भामाबाईनं दोघांकडं पाहिलं. दाभण आणि दोरा आनंदराजपुढं धरून म्हणाली, "ओवून दे. मला दिसंना. अन् बस हितं, टाका कसा घालतेत ते बघ."

तो बसला.

पुढच्या साली दोघांचं लग्न लागलं. भामाबाई लेक-जावयापाशी अर्धापुरात चार वर्षं राहिली. गेल्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती वारली.