चार दहा ते चार पन्नास

माझ्या आणि टेलरकाकूंच्या परसांच्या मधे एक भिंत आहे. लांबी सव्वीस मीटर, उंची माझ्या खांद्याएवढी, रुंदी एका विटेची. समोरासमोर आलेली दोन मांजरं या भिंतीवर एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. एकाला माघार घ्यावी लागते, आणि माघार घेणं मांजरांच्या स्वभावात नाही. म्हणून आमच्या गल्लीतल्या मांजरांनी भिंतीच्या वेळा वाटून घेतल्या आहेत.

हे मी गमतीने म्हणत नाही. माझं शिक्षण प्राणिशास्त्रातलं आहे. नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, सकाळी सातची. अडीचला घरी येते, जेवते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते. तिथून सगळी भिंत दिसते. सात आठवडे मी वेळा वहीत टिपल्या. सव्वातीनला माझी मिरी. काळी, बारकी, अत्यंत आगाऊ. पावणेचारला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली तांबूस मांजरी. चार दहाला टेलरकाकूंचा राखाडी बोका. तो भिंतीच्या मधोमध चार पन्नासपर्यंत बसायचा. पाचला एक लंगडा पांढरा, ज्याचं घर कोणतं ते मला कधी कळलं नाही. चुकून कोणी लवकर आलंच, तर ते भिंतीच्या पायाशी बसून दुसरीकडे बघत राहायचं. नकोसं ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं की आपण दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो, तसं.

काकू बोक्याला साहेब म्हणायच्या.

“चार वाजून दहा मिनिटं,” त्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या. “साहेब भिंतीवर गेले. आता ब्लाउजचे हात लावायला घेते. आमचं घड्याळ बंद पडलं तरी चालतं, शास्त्रीणबाई, पण तुमच्या वहीत नोंद नाही झाली तर साहेबांना चैन पडायचं नाही.”

शास्त्रीणबाई म्हणजे मी.

एखाद्या जागेचा मालक उचलला तर ती जागा किती दिवसांत भरते, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. उत्तर काढायची रीतही जुनी आहे. मालक उचलायचा आणि बघायचं.

माझ्या परसात कपडे धुण्याची एक बंद खोली होती. किल्ली घरमालकांनी माझ्याकडेच दिली होती. जाड लाकडी दार, त्याला हिरवा रंग, छताजवळ बारीक लोखंडी जाळीचा झरोका. एका सोमवारी मी तिथे वाळूचा ट्रे, दोन दिवसांचं खाणं आणि मोठं पातेलंभर पाणी ठेवलं. बेत तीन दिवसांचा होता. खाणं मधे एकदा भरणार होते. साहेब मला ओळखत होता. त्याला पकडावं लागलं नाही. शेपटी उभी करून तो माझ्या मागोमाग आत आला. मी बाहेर आले आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी काकूंनी भिंतीवरून विचारलं, “साहेब दिसले का गं?”

“नाही हो काकू. असेल इथेच कुठेतरी.”

माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. तेव्हा मला त्याचं बरं वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी दहाला प्रयोगशाळेत ताईचा फोन आला. बाबा पायरीवरून पडले होते, खुबा मोडला होता. “आहेस तशी निघ,” ताई म्हणाली. मी आहे तशी निघाले. बसमध्ये दोन तास झाल्यावर मला बोका आठवला. किल्ली पर्समध्येच होती.

मी काकूंना फोन केला. हे मला इथे नीट लिहायला हवं. मी फोन केला, बाबांचं सांगितलं आणि म्हटलं, “चार-पाच दिवस मिरीला दूध घालाल का?”

“घालते की. तू बाबांकडे बघ, इकडची काळजी नको. साहेबांचा मात्र अजून पत्ता नाही बघ. मिरीला घालताना त्यांचीही वाटी भरून ठेवीन.”

कुलूप फोडा, एवढंच म्हणायचं होतं. काकूंनी लगेच फोडलं असतं, मला दोन शब्द सुनावले असते, आणि महिन्याभराने त्याचीच थट्टा केली असती. पण मी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. मग बाबांच्या खाटेशी बसून औषधांच्या चिठ्ठीमागे हिशोब मांडला. पातेल्यात पाणी किती, उकाड्यात उडेल किती, त्यानंतर पाण्याशिवाय मांजर किती तास तग धरेल. शनिवार दुपार, असं उत्तर आलं. मी दोनदा करून पाहिलं.

मी रविवारी सकाळी परत आले.

कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं. खोली रिकामी होती.

वाटी चाटूनपुसून साफ. पातेलं कोरडं. वाळू वापरलेली. घाण वास नाही, माशा नाहीत. झरोक्याची जाळी मी स्टुलावर चढून हाताने ओढून पाहिली. भोकं बारा मिलिमीटरची, एकही तार तुटलेली नव्हती. जमीन फरशीची, सांडपाण्याच्या तोंडावर पितळी झाकण, स्क्रूने बसवलेलं. दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरपर्यंत, लाकूड ओरबाडलेलं होतं. रंग गेला होता आणि खालचं लाकूड तुसासारखं उभं राहिलं होतं.

मी दाराची ती बाजू पॉलिश पेपरने घासली. फरशी दोनदा धुतली. ट्रे गल्लीबाहेरच्या कचराकुंडीत टाकला. सोमवारी कामावर गेले.

तो निसटला असेल, असं मी स्वतःला सांगत होते. कसा, ते सांगत नव्हते.

त्या आठवड्यात काकूंची मुलगी आली. काकूंना डोळ्यांनी कमी दिसत होतं. मागच्या महिन्यात मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती. त्यांना कायमचं घेऊन जायला ती आली होती. आवाज भिंतीपलीकडून येत होता.

“आई, एका बोक्यासाठी तू इथे आंधळेपणी एकटी राहणार?”

“ते आले आणि दार बंद दिसलं तर? कुठे विचारतील?”

“बोका विचारणार?”

“तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं!”

मुलगी एकटी परत गेली. मी खिडकी लावून घेतली.

वही मात्र चालू होती. ती बंद केली तर काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. चार दहाची वेळ कोणीच घेतली नाही. पहिला आठवडा नाही, दुसरा नाही. भिंत मोकळी असताना किराणावाली तांबूस मांजरी चार वाजून नऊ मिनिटांनी घाईघाईने खाली उतरायची. लंगडा पांढरा साडेचारला यायचा, पायाशी बसायचा आणि दुसरीकडे बघायचा. वीस मिनिटं. मग वर चढायचा.

सवय, असं मी लिहिलं. सवय मोडायला वेळ लागतो.

तिसऱ्या आठवड्यात ती वेळ भिंतीवरून खाली आली. वेळ खाली आली, याहून बरं वाक्य मला सुचत नाही. चार दहाला किराणावाली परसातल्या वाटेवरून बाजूला झाली. ती बिचकली नाही, गुरगुरली नाही. नुसती बाजूला झाली आणि तिने तोंड फिरवलं. दोन दिवसांनी बाजूला होण्याची ती जागा माझ्या पायऱ्यांशी होती. धुण्याच्या खोलीसमोरून जाणारी वाट सगळ्याच मांजरांनी सोडली.

मग मिरी. माझी मिरी कोणासाठी उठत नाही. मी खुर्चीवर बसू लागले तरी ती हलत नाही, मलाच स्टूल घ्यावं लागतं. त्या गुरुवारी चार दहाला ती खिडकीच्या कट्ट्यावरून उठली, खाली उतरली आणि कपाटाला टेकून बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कट्ट्याकडे तर नाहीच. चार पन्नासला परत वर चढली.

मी कट्ट्यावर हात ठेवून पाहिला. फरशी कोमट होती. ऊन त्या कट्ट्यावर सकाळीच येतं.

शुक्रवारपासून चार दहाला मिरी कट्ट्यावर चढेनाशी झाली, पण घरातही थांबेना. ती भिंत ओलांडून काकूंच्या मागच्या दाराशी जाऊन बसायची, उंबऱ्याच्या बाहेर, एका कडेला. आत जाणाऱ्याला वाट राहील इतकी जागा सोडून.

रविवारी काकूंचं गाणं ऐकू आलं. किती दिवसांनी त्या गुणगुणत होत्या. मी भिंतीपाशी गेले.

“शास्त्रीणबाई,” त्यांनी आतूनच हाक मारली. “या, आत या. साहेब आलेत.”

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ पळत गेले.

काकू जमिनीवर पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्यात टेप. एक हात मांडीच्या वर, हवेत, सावकाश पुढेमागे होत होता. मांडीवर काही नव्हतं.

“कधी आला?” मी विचारलं.

“झाले पाच-सहा दिवस. तुला सांगणारच होते, पण तू खिडकी उघडतच नाहीस हल्ली. हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. माझा पाय मेला मुंग्या येऊन, पण उठवू कसं?”

काकूंना दिसत नाही, मी मनात म्हटलं. एकट्या पडल्यात. हे मी केलंय.

मग मी सांगितलं. सोमवार, खोली, कुलूप, बसमधून केलेला फोन. चिठ्ठीमागचा हिशोबसुद्धा सांगितला. रविवार आणि रिकामी खोलीही सांगितली. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात थांबला नाही.

“काकू, तो नाहीये,” मी म्हटलं. “तुम्ही मुलीकडे जा. त्याची वाट बघू नका. माझ्यामुळे...”

“ते बटणांच्या डबीचं झाकण दे बघू इकडे.”

झाकण मशीनवर उताणं होतं. त्यात कापसावर बारीक काहीतरी ठेवलेलं होतं. मी उजेडात नेलं. लाकडाचे टोकदार तुकडे होते, सात. प्रत्येकाची एक बाजू हिरवी.

“नखांच्या मुळाशी रुतले होते,” काकू म्हणाल्या. “मला दिसत नाही, पण बोटांना कळतं. सुईनेच काढले सगळे. दोन दिवस लागले. हूं की चूं केलं नाही साहेबांनी. कुणाच्या दाराचे, ते मी विचारलं नाही. आलं माणूस घरी, बास.”

मी झाकण परत ठेवलं.

“रागावा ना मला,” मी म्हटलं.

“रागवायचं काय त्यात? तुला जमलं नाही सांगायला. मुलगी परवा न्यायला येते आहे. मी हो म्हटलं. आता काही अडकून नाही राहिलं इथे. तिच्याकडे पोरांना मांजराच्या केसांचा त्रास होतो, म्हणून यांना नेता येणार नाही. म्हटलं, शास्त्रीणबाई आहेत. त्यांच्यावर जीव आहे साहेबांचा. सारखे तुझ्या खिडकीत जाऊन बसतात.”

“काकू, मी...”

“नाही म्हणू नकोस.”

त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलले. झोपलेलं मूल उचलावं तसे, एक मानेखाली, एक मागे. उचलताना त्यांच्या मनगटाच्या शिरा ताणल्या गेल्या. हात माझ्यापुढे आले.

दारात मिरी उठून बाजूला झाली.

मी हात पुढे केले. का केले, याचं कारण मी देऊ शकत नाही. माझी कोपरं वाकली. वजन आलं. आधी उजव्या हातावर, मग डाव्या. ते मी उभ्या उभ्या मनात अजमावलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. चांगल्या धडधाकट बोक्याला हवं त्याहून ते बरंच कमी होतं. खूप दिवस पाणी न मिळालेल्या जनावराएवढं.

“असं नाही,” काकू म्हणाल्या. “पुढचे पंजे दाबू नकोस. दुखतात अजून.”

मी हात खाली घेतला.

“हं,” काकू म्हणाल्या. “आता बघ कसं अंग सोडलं.”

माझ्या कोपराच्या वळणात काहीतरी सैल झालं आणि टेकलं.