चातीशंखाचं लाल मांस

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात आता कोणी मासा हुंगून घेत नसे. ओळखयंत्राखाली धरायचा, हिरवा दिवा लागला की पिशवीत, नाही लागला की परत. चातीशंख, म्हणजे सूत कातायच्या चातीसारख्या निमुळत्या समुद्री गोगलगायी. त्यांना हिरवा दिवा मिळाला तो डॉ. योजना खवणेकरांमुळे. पाच जाती मानल्या जाणाऱ्या शंखांची मापं घेऊन त्यांनी ठणकावलं होतं, कसल्या पाच? एकच जात! यंत्रही शिकलं ते त्यांच्याच कपाटातल्या शंखांवर.

त्या दुपारी मासळीवाली जयवंती गिरप योजनांच्या प्रयोगशाळेत शिरली. टोपलीत दोन फोडलेले शंख.

“मॅडम, दोगांकय दिवो हिरवो. पण ह्येचा मास पांढरा आणि ह्येचा लाल. लाल आमी कधी खाणंव नाय! काल मी नसताना सुनेन दोनीय तऱ्हेचे सोलून इकल्यान.”

योजना हसणारच होत्या. मग लक्षात आलं, आपण जिवंत चातीशंख कधी पाहिलाच नाही! कपाटात वास सुटू नये म्हणून आलेला प्रत्येक शंख उकळायचा, आतला जीव टाचणीने उपसून फेकायचा, हीच इथली पद्धत. सगळं वर्गीकरण रिकाम्या कवचांवर. त्यांनी लाल मांसाच्या रसात विषपट्टी बुडवली. पट्टी काळी पडली.

काल त्याच सुनेकडून त्यांनी सोललेले शंख घेतले होते. आज लेकीच्या, मैत्रेयीच्या डब्यात त्यांचंच सुकं. मांस लाल होतं का? देवा, पाहिलं कोणी! सोलण्याआधी कवचाला हिरवा दिवा लागला होता ना. पुडी थेट मसाल्यात उपडी केली होती.

तेवढ्यात शाळेतून फोन आलाच. मैत्रेयीला दवाखान्यात नेलंय. ओठ बधिर, एकाचे दोन दिसतायत.

योजना धापा टाकत पोचल्या. “डॉक्टर, चातीशंखाचं विष आहे! उतारा द्या, लवकर!”

डॉक्टरने निदानयंत्रात नाव घातलं. “मॅडम, यंत्र म्हणतंय, एकच जात, खाण्याजोगी. त्याने विष मानल्याशिवाय उताऱ्याचं कपाट उघडत नाही.” तो पुढे वाचू लागला. “वर्गीकरण केलंय... अहो, हे तर तुम्हीच!”

“चुकलंय ते! माझं चुकलंय!” योजना किंचाळल्या. खाटेवर मैत्रेयीचा श्वास अडखळत होता.

“घरच्यांच्या शब्दावर यंत्र नोंद बदलत नाही. एकच प्रश्न विचारतंय,” डॉक्टर हळूच म्हणाला. “हे तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून सांगताय, की आई म्हणून?”