एक्कावन्नावी ओळ

ही घटना खरी आहे. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांची मी आधीच माफी मागतो. ही शनिवारी दुपारी पावणेचारला घडली. शेतीचं दीडशे वर्षं जुनं कॉलेज ते. तिथे सगळंच कार्यालयीन वेळेत होतं.

घडली माझ्या भाचीच्या बाबतीत.

ती तिथे बियाण्यांवर प्रबंध लिहीत होती. दोन वर्षं जीव काढला आणि शेवटी शीतकपाट बंद पडलं. सगळं बियाणं गेलं. उरली एक बाटली. पन्नास दाणे. ते जिवंत निघाले तरच प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द.

ओल्या कागदावर सात दिवस झाले. एक कोंब नाही.

"पाचपर्यंत निकाल टेबलावर हवा," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

"सर, अजून एक आठवडा..."

"अगं, दोनदा दिली मुदतवाढ. मेलेल्यांना किती द्यायची?"

सर विनोद क्वचित करत. केला की असा.

तपासणीची खोली तळघरात. मदतनीस ताईंनी कुलूप काढून दिलं आणि त्या चहाला गेल्या.

रीत अशी, की न उगवलेला दाणा चिमट्याने दाबायचा. लिबलिबीत लागला तर मृत. टणक लागला तर सुप्त, म्हणजे नुसता झोपलेला. एकाने सांगायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं.

लिहायला कुणी नव्हतं. तरी सवयीने ती मोठ्याने म्हणू लागली. डोळे भरलेले, दाणा दाबायचंही भान नव्हतं.

"एक, मृत. दोन, मृत."

मागे... पेनाची कुरकुर.

ताई आल्या असतील.

"नऊ, मृत."

"दाबलास?"

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा. जरा वैतागलेला.

ती वळली. खुर्ची रिकामी. वही उघडी. वहीवर पेन... अजून डोलत होतं.

एरवी ती पळाली असती. पण पाच वाजायला सव्वा तास उरला होता. पळायला फुरसत कुठली?

तिने दाबला.

टणक.

"नऊ... सुप्त."

कुरकुर.

मग पहिले आठ पुन्हा दाबले. मग उरलेले. मागे न बघता, रडत रडत. पन्नासही टणक.

तिने वही ओढली. पन्नास ओळी. अक्षर तिचं नव्हतं.

आणि खाली... एक्कावन्नावी.

तिथे जुनाट तपकिरी शाईत, डॉक्टरी गिचमिड अक्षरात 'मृत' लिहिलेलं. ते खोडून पुढे, ओल्या निळ्या शाईत, 'सुप्त'.

ताई परतल्या. त्यांनी वहीतल्या निळ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हे दाणेअण्णांचं अक्षर. मी नवीन होते तेव्हा ते इथे मोजणीला होते. याच खुर्चीत गेले."

"कशाने?"

"काय माहीत. डॉक्टरांनी दारातूनच बघितलं आणि लिहून दिलं."

ताईंनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"हात कुणीच लावला नाही गं."

पुढे झोप मोडायला दाणे महिनाभर गारठ्यात ठेवले. सत्तेचाळीस उगवले. प्रबंध झाला, आणि भाची त्याच तळघरात नोकरीला लागली. एकटी आत जात नाही. पण ती वही जपून ठेवलीय. एक्कावन्नाव्या ओळीपुढे 'उगवल्याची तारीख' हा रकाना कोरा होता.

परवा तिचा फोन आला.

"मामा, तो रकाना..."

"अजून कोराच ना?"



"सकाळपर्यंत होता."