सकाळच्या गोळ्या

तांदळाच्या डब्यामागून भूपेंद्रच्या बायकोने, रीनाने, सत्यभामेच्या गोळ्यांची पाकिटं काढली. महिनाभराच्या सकाळच्या सगळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या! भूपेंद्रने त्या पाहिल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्या भावजयीशी बोलला.

"दादा जीव सोडत होता त्या टायमाले पूजेत बसून राहिली, कोणाले बोलावलं नाही. आता सवताच्या जीवावर उठली का वयनी?"

सत्यभामा खाली मान घालून बसली. चैत्रात तिला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी समजावलं होतं... रक्तावाचून हृदयाचा जो भाग मेला तो मेला, पण त्याच्या आसपासच्या जिवंत पेशींनाही आतूनच मरणाची आज्ञा मिळते. एकेक पेशी आक्रसते, निमूट संपते, दुखत नाही, आवाज होत नाही. गेलेली परत येत नाही. औषध त्या आज्ञेला अडवून धरतं, दोन्ही वेळ जेवणानंतर घ्यायचं. आणि तिने तर चातुर्मासाचं एकभुक्त धरलेलं... जेवण फक्त संध्याकाळी! मग सकाळची गोळी कशी घ्यावी? धाकट्या दिराने एकदा तरी "वयनी" म्हणावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

"पूजेत नव्हती बसली मी," ती हळूच म्हणाली. "तुह्या दादानं हात धरला होता. भूपेंद्रची आज वनरक्षकाची परीक्षा आहे, तो सेंटरवरून निघेपर्यंत कोणाले बोलावू नको म्हणे."

भूपेंद्रच्या अंगावर खाकी वर्दी होती. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"मंग तीन वर्षं काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं, तर ही वर्दी तू अंगावर घातली असती का बाबू?"

त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं... रीनाने ताट वाढलं, आणि भर सकाळी सत्यभामेने भाताचा घास घेतला.

दुपारी तो तिला गोंदियाला घेऊन गेला. तपासणीच्या पडद्यावर तिचं हृदय थकल्यासारखं हलत होतं. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले, मग चैत्रातला रिपोर्ट मागून घेतला, आणि भूपेंद्रला तेवढं आत थांबायला सांगितलं.

तो बाहेर आला तेव्हा हसत होता. "सगळं ठीक आहे म्हणे, वयनी." सत्यभामेने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना तो असाच हसायचा. तिने हात पुढे केला, आणि तो तिला धरून एकेक पायरी उतरवू लागला.