घामघराच्या खालचं पाणी

"आजी, तुमची बदकं पोहायला विसरली की काय?" गुंड्या ओढ्याच्या काठावरून ओरडला.

खरंच की! बदकवाल्या आजींची सगळी बदकं काठावर माना उंच करून उभी होती. आजी मागून काठी आपटत होत्या, "जा की मेल्यांनो पाण्यात!" पण एकही बदक हलायला तयार नव्हतं.

टिटवी उकिडवी बसली आणि तिनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. कुठं काही खुट्ट झालं की सगळ्यांच्या आधी हिचा गलका सुरू, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. सुट्टीत ती मामाकडे आली होती. गुंड्या हा मामाचा मुलगा, तिच्याच वयाचा. त्याची धाकटी बहीण माशी. कानाशी सतत भुणभुण करायची म्हणून माशी!

"पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय," टिटवी म्हणाली. "आणि हा फेस बघ."

"चार दिवस झाले," आजी म्हणाल्या. "आणि आमची नात छकुली कालपासून पोट धरून पडलीये. घोटभर पाणीही पोटात ठरत नाही. नर्सबाई म्हणाल्या, पाण्यातून काहीतरी गेलंय."

खालच्या आळीतली सगळी घरं या ओढ्याचंच पाणी पीत. टिटवीनं वर पाहिलं. ओढ्याच्या वर एकच गोष्ट नवी होती, ती म्हणजे मामाचं काम.

त्या कामाचा टिटवीला केवढा अभिमान होता! शहरातल्या एका मॅडमनी टेकडीवर पाहुण्यांसाठी आरामाची जागा काढली होती, आणि ती बांधत होता मामा. तिथे विजेची तार नव्हती की गॅसची टाकी नव्हती. लाकडी फळ्यांच्या खोलीत शेगडी, शेगडीवर दगड, तापल्या दगडांवर तांब्याभर पाणी ओतलं की वाफच वाफ! तिला सगळे सॉना म्हणत, मामा म्हणे घामघर. शेजारी पिंपासारखा मोठा लाकडी टब होता. त्याचं पाणी लाकडाच्या जाळावर तापे. थोड्या खालच्या अंगाला उघड्यावरचा शॉवर. त्याचा काळा रंगवलेला ड्रम उन्हात असा तापायचा, की हात लावायची सोय नाही. टबाच्या फटी बघून टिटवी म्हणाली होती, "हा तर गळणार!" तेव्हा मामा हसला होता. "लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, टिटवे. फटी आपोआप मिटतात. भर आणि बघ!" तिनं भरून बघितलं, आणि थेंबही गळला नाही. तेव्हापासून मामा म्हणेल ती पूर्व दिशा!

"पण टबाचं पाणी ओढ्यात येणारच नाही," गुंड्या छाती काढून म्हणाला. "बाबांनी शोषखड्डा केलाय. खाली दगड, वर खडी, वर वाळू. पाणी गाळून जमिनीत मुरतं."

"तू पाहिलायस?"

"पाहायचं काय त्यात? बाबांनी सांगितलंय."

"मग खड्ड्यातून काय पार जाणार नाही? टणक अशी कुठलीही वस्तू! ती वाळूतच अडकेल. बरोबर?" टिटवीचे डोळे चमकले आणि माशीच्या गळ्यावर खिळले.

"माझी माळ नाही द्यायची!" माशी किंचाळली.

द्यावीच लागली. दुपारी मामा जेवायला गेल्यावर गुंड्यानं टबाचं बूच काढलं आणि माळेतले निळे मणी पाण्याबरोबर सोडून दिले. थोडं पाणी गुडगुड करत खाली गेलं, तसं त्यानं बूच परत लावलं. टिटवी आणि माशी ओढ्यात पिठाची चाळण धरून उभ्या होत्या. मनातल्या मनात टिटवी म्हणत होती, येऊ नकोस, मण्या, येऊ नकोस.

पहिला मणी टुणकन चाळणीत पडला. मग दुसरा. मग एकदम मूठभर!

"माझे मणी आले!" माशीनं टाळ्या पिटल्या. टिटवीनं टाळी वाजवली नाही. पाण्याच्या उगमाकडे सरकत सरकत ती नेच्याच्या झुडपांत शिरली. तिथं पाइपचं तोंड होतं, उघडंबोडकं. खड्डा नव्हता, खडी नव्हती, वाळूचा कणही नव्हता.

गुंड्या धापा टाकत खाली आला. त्यानं पाइप पाहिला आणि आजूबाजूची माती हातानं उकरून बघितली.

मामा शॉवरची तोटी घट्ट करत होता. टिटवीनं ओला मणी त्याच्यासमोर धरला आणि सगळं सांगून टाकलं. छकुलीचंही. मामाचा पाना हातातच राहिला.

"आणखी कुणाला बोललीस?" त्यानं विचारलं.

टिटवीला वाटलं होतं, तो आधी छकुलीची चौकशी करेल.

"मॅडम म्हणाल्या, खड्डा नंतर खणा, आधी पाहुणे," मामा हळू आवाजात म्हणाला. "उद्या उद्घाटन आहे. ते होऊन जाऊ दे, मग खणतो मी."

"आणि तोवर टब रिकामा नाही ना करणार, मामा?"

"नाही करणार. शब्द!" त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. टिटवीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. आळीत जाऊन तिनं "पाणी उकळून प्या, आजी" एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीला शहरातल्या दवाखान्यात हलवलं. चार दिवस टब घासून धुतल्याच्या साबणाला आणि टबाच्या पाण्यात टाकलेल्या औषधाला उकळी काय करणार! आणि त्याच वेळी टेकडीवर मॅडम म्हणत होत्या, "कालचं पाणी कसं चालेल? टब रिकामा करा, नवं भरा. पाहुणे येतीलच इतक्यात!"

मामानं मान डोलावली.

"मामा, शब्द!" टिटवी ओरडली.

"जा गं, खेळा तिकडे," मामा तिच्याकडे न बघता म्हणाला.

तेवढ्यात गुंड्यानं टिटवीचा हात ओढला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पोतं घे. आणि चिखल!"

"अरे, पण तुझे बाबा..."

"माझे बाबा आहेत म्हणूनच!"

ते उतारावरून घसरतच खाली पोचले. पोत्यात चिखल कोंबला, पोतं पाइपच्या तोंडात ठोसलं, वर दगड रेटले. माशीसुद्धा पाय रोवून रेटत होती. टिटवीनं आळीकडे तोंड करून नर्सबाईंना हाक ठोकली. वर बूच निघालं. पाइपनं एक ढेकर दिला, पण थेंब बाहेर आला नाही!

आता ते पाणी जाणार कुठं? शॉवरची मोरी टबाच्या खालच्या अंगाला, आणि पाइप दोघांचा एकच. पाहुणे नेमके शॉवरच्या फरशीवर उभे राहून सरबत पीत होते. मोरीतून आधी बुडबुडा आला, मग राखाडी पाणी भसकन वर!

"अगंबाई! माझे बूट!"

"हे काय? कसला हा वास?"

"बूच लावा! लावा म्हणते ना!" मॅडमचा आवाज चिरकला. मामानं बूच दाबलं आणि तो पाइपच्या दिशेनं पळाला. त्याच्यामागे मॅडम, मॅडममागे पचपच बूट वाजवत पाहुणे. ओढ्यावर चिखलानं माखलेली तीन पोरं पोत्याला पाठ लावून बसली होती. हो, आणि आळीतून टिटवीच्या हाकेसरशी धावत आलेल्या नर्सबाई!

"इथं खड्डा असायला हवा होता," टिटवी उभी राहून म्हणाली. "नाहीये! सगळं पाणी ओढ्यात जातंय. छकुली दवाखान्यात आहे!"

नर्सबाईंनी पाइप पाहिला, ओढा पाहिला आणि मॅडमकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

"मला तर धक्काच बसला!" मॅडमनी गालाला हात लावला. "मी खड्ड्याचं काम यांच्यावर सोपवलं होतं. इतका निष्काळजीपणा!"

"खोटं!" टिटवी किंचाळली. "तुम्हीच म्हणालात, आधी पाहुणे! मामा, सांग ना!"

सगळे मामाकडे बघू लागले. अजून घामघराच्या पडवीचं छत बाकी होतं, आणि पुढची सगळी कामं मॅडमच्याच हातात होती. मामानं खाली पाहिलं.

"माझीच चूक," तो म्हणाला.

मग सगळ्यांनी पोरांचं कौतुक केलं. नर्सबाईंनी पाठ थोपटली, "तुमच्यामुळे आळी वाचली रे!" दवाखान्यातून निरोप आला की छकुलीनं डोळे उघडलेत, तेव्हा बदकवाल्या आजींनी तिघांनाही छातीशी धरलं. मॅडमनी चॉकलेटचा डबा मागवला आणि पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "अशी जागरूक मुलं हवीत!" माशीनं एक चॉकलेट घेतलं, गुंड्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं परत ठेवलं.

घरी मामी एवढंच म्हणाली, "आधी घरात बोलायचं होतंस गं."

"बोलले होते," टिटवी म्हणाली. मामीनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी मामा एकटाच खड्डा खणत होता. टिटवी काठावर जाऊन उभी राहिली. कुदळ थांबली.

"तू चुकली नाहीस," मामा मातीकडे बघत म्हणाला. "पण आज माझ्याशी बोलू नकोस."

टिटवीला रडायचं नव्हतं, तरी डोळे भरून आले. ती ओढ्यात उतरली, दोन्ही हातांत मावेल एवढा दगड उचलला आणि खड्ड्याच्या काठावर आणून ठेवला. पलीकडून गुंड्याही एक दगड घेऊन आला. मामानं ते दोन्ही दगड घेतले आणि तळाशी नीट बसवले. त्यानं मान मात्र वर केली नाही.